पहिलं पुस्तक 'मित्राची गोष्ट' नको

प्रश्न असा आहे: 'मी सत्तावीस वर्षांची, नाशिकला आईबाबांसोबत राहते. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची पुस्तकं वाचायची आहेत, लेस्बियन आणि बायसेक्शुअल दोन्ही. रहस्यकथा, ऐतिहासिक, फँटसी, चरित्र, काहीही चालेल. आजवर जे हाताला लागलं त्यात शेवटी कुणीतरी मरतं, नाहीतर लग्न करून गप्प बसतं. मराठीत काही आहे का? इंग्रजी वाचते, पण सावकाश.'

मी बावीस वर्षं एक छोटं वाचनालय चालवते. पुस्तक बदलायला येणाऱ्यांत दर दोन-चार महिन्यांनी एखादी तरी हाच प्रश्न विचारणारी असते. फक्त ती तो इतका सरळ विचारत नाही. 'जरा वेगळं काही आहे का' असं म्हणते, आणि मग तिला नक्की काय वेगळं हवंय ते ओळखणं हे माझं काम. तुम्ही स्पष्ट विचारलंत, त्यामुळे माझा निम्मा वेळ वाचला.

तुमचं अडलं कुठे आहे ते आधी सांगते. विषय सांगून पुस्तक मागितलं की समोरचा त्या विषयातलं सर्वांत 'महत्त्वाचं' पुस्तक काढून देतो. महत्त्वाचं म्हणजे बहुधा गाजलेलं, वाद झालेलं, कोर्टात गेलेलं. आणि ज्या काळात ही पुस्तकं लिहिली गेली, त्या काळात नायिकेला दुःखात लोटल्याशिवाय ती छापून येणं मुश्कील होतं. दुःखात लोटूनही भागत नसे. रॅडक्लिफ हॉलच्या 'द वेल ऑफ लोनलीनेस'मध्ये नायिका काही सुखी होत नाही, तरी १९२८ साली लंडनच्या कोर्टानं ते अश्लील ठरवून त्याच्या प्रती नष्ट करायला लावल्या. गंमत पाहा, त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फचं 'ऑर्लँडो' आलं. त्यातला नायक एकदा दीर्घ झोपेतून उठतो तो बाई होऊनच, आणि शतकानुशतकं जगतो. वुल्फनं ते आपल्या मैत्रिणीला, व्हिटा सॅकव्हिल-वेस्टला, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं आणि तिलाच अर्पण केलं होतं. त्याला कुणी हात लावला नाही. सगळी कल्पनेची भरारी होती ना!

माझा अनुभव यावरूनच बेतलेला आहे. या विषयाची माणसं गंभीर सामाजिक पुस्तकांत मरतात, आणि रहस्यकथा, परीकथा, भुताखेतांच्या, राजाराणीच्या गोष्टींत मजेत जगतात. अपवाद भरपूर आहेत, पण सुरुवात कुठून करायची यासाठी एवढं पुरे. म्हणून मी आधी विचारते, शेवटचं कोणतं पुस्तक जेवणाखाणाचं भान विसरून वाचलंत? ते ज्या प्रकारातलं असेल तिथून सुरुवात करायची, विषयावरून नाही.

आणखी दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. एक म्हणजे इंग्रजी. मराठीतलं आमचं फडताळ या बाबतीत रिकामं नाही, पण हडकुळं आहे. दुसरी म्हणजे घर. पुस्तक टेबलावर उघडं पडलं तर काय होईल हे तुमचं तुम्हालाच माहीत. मी एकदा मोठी चूक केली आहे. एका मुलीनं मागवलेलं पुस्तक आलं म्हणून उत्साहानं घरी फोन केला आणि तिच्या आईला पुस्तकाचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. ती मुलगी पुन्हा वाचनालयात आली नाही. अनामत रक्कमसुद्धा घ्यायला आली नाही. तेव्हापासून आमच्याकडे फोनवर फक्त 'तुमचं पुस्तक आलंय' एवढंच सांगतात.

आता पुस्तकं. सावकाश इंग्रजी वाचणाऱ्या मराठी बाईला मी सर्वांत आधी सुनीती नामजोशी देते. मूळच्या मुंबईच्या, आजोळ फलटणचं राजघराणं. आयएएसची नोकरी सोडून परदेशी शिकायला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. त्याआधी आईबरोबर, म्हणजे सरोजिनी नामजोशींबरोबर, त्यांनी गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या होत्या. इतक्या आपल्या असूनही मराठी वाचकांत त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्यांचं 'फेमिनिस्ट फेबल्स' १९८१ सालचं. त्यातल्या गोष्टी पान-दीड पानाच्या. पंचतंत्र, ग्रीक पुराणं, परीकथा सगळ्यांची मोडतोड करून केलेल्या. एका गोष्टीत एक ब्राह्मण देवाकडे मुलगा मागतो आणि त्याला मुलगी होते, मग पुन्हा मुलगाच मागितल्यावर पुढच्या जन्मी तो स्वतःच बाई होऊन आठ मुलांना जन्म देतो, आणि त्याची मुलगी मात्र देवाकडे माणसाचा दर्जा मागते. देव म्हणतो, हे फारच अवघड, आणि चक्क एक आयोग नेमतो. अशी गोष्ट रात्री झोपण्यापूर्वी वाचून होते आणि सकाळी दात घासताना पुन्हा हसू येतं.

त्यातली प्रत्येक गोष्ट बायकांच्या प्रेमाची नाही, हे आधीच सांगते. ते हवं असेल तर त्यांचंच 'द कन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ' वाचा, १९८५ सालचं. त्यात सुनीती नावाच्या बाईला भद्रावती नावाची गाय भेटते. ही गाय ब्राह्मणी आहे आणि लेस्बियनही, आणि लागेल तसं रूप बदलते. वाचताना मध्येच प्रश्न पडतो की नक्की चाललंय काय, पण तो प्रश्न पुस्तकातल्या सुनीतीलाही पडलेला असतो. ही पुस्तकं सुटी मिळायला कटकट होते, म्हणून 'द फॅब्युलस फेमिनिस्ट' हा निवडक नामजोशींचा संग्रह शोधा. घरच्यांनी पाहिलं तरी वरवर बोधकथांचं पुस्तक दिसतं, हा वरचा फायदा.

मराठीचं विचारलंत. नाव सगळे एकच सांगतील, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. नाटक रंगमंचावर आलं १९८१ साली, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या, म्हणजे नायिका सुमित्राच्या, भूमिकेत होत्या. (म्हणजे नामजोशींच्या गोष्टी आणि हे नाटक एकाच वर्षीचे. दोन मराठी घरांतून आलेली दोन माणसं, आणि सूर किती निराळे!) स्वातंत्र्यापूर्वीचं कॉलेज, सुमित्रा देव ही बेधडक मुलगी, तिच्यावर जीव असलेला भिडस्त बापू आणि मित्राचा जीव जिच्यावर जडतो ती नमा. नाटक उत्तम आहे. बापू हा निवेदक तर तेंडुलकरांनी असा उभा केलाय की आपण सगळे थोडेथोडे बापूच आहोत असं वाटतं. आपण समजून घेतो, खोलीची किल्ली देतो आणि ऐनवेळी पाय मागे घेतो. पण मित्राचा शेवट तुम्ही जे नको म्हणताय तोच आहे. तुम्हाला ते वाचायचं नाही असं माझं म्हणणं नाही. ते पहिलं वाचू नका एवढंच. पाच-सहा पुस्तकांत जगणाऱ्या, भांडणाऱ्या, म्हाताऱ्या होणाऱ्या बायका भेटल्या की मग मित्राकडे या. तेव्हा तिचं मरण हा नियम वाटणार नाही, ते १९४०च्या दशकातल्या एका मुलीचं मरण वाटेल, आणि नाटक जास्त कळेल. शंभरेक पानांचं पुस्तक म्हणून मी पूर्वी तेच आधी देत असे. ते चुकलं माझं.

दुसरं मराठीत मिळतं ते इस्मत चुगताईंचं 'लिहाफ'. कविता महाजनांनी केलेल्या चुगताईंच्या कथांच्या अनुवादाचं नावच 'रजई' आहे. ही कथा १९४२ची. नवऱ्यानं दुर्लक्षिलेली बेगमजान, तिची मालिश करणारी रब्बू, आणि रात्री हत्तीसारखी हलणारी रजई. सगळं एका लहान मुलीच्या नजरेतून. कथेवर लाहोरला खटला झाला, मंटोवरही त्याच सुमाराला चालू होता. साक्षीदाराला अश्लील शब्द दाखवा म्हटल्यावर त्याला धड एक शब्द सापडेना, ही हकिकत चुगताईंनी आत्मचरित्रात फार मजेत सांगितली आहे. पण कथा वाचताना एक लक्षात ठेवा, बेगमजानचं त्या लहान मुलीशी वागणं चांगलं नाही, वाचताना त्रास होतो. ही प्रेमकथा नाही, कोंडलेल्या घराची कथा आहे. प्रेमकथा म्हणून कुणी हातात दिली तर फसगत होईल.

आणि तिसरी, थेट मराठी नव्हे पण आपल्या कानाला सहज रुचणारी, विजयदान देथांची 'दोहरी जूण'. राजस्थानी लोककथेवर बेतलेली, हिंदीत मिळते. दोन मित्र शेठ मुलं जन्मायच्या आधीच सोयरीक ठरवून बसतात. दोघांनाही मुली होतात. हुंड्याच्या लोभानं एक जण आपल्या मुलीला मुलगा म्हणून वाढवतो आणि लग्न लावून देतो. बिजा आणि तीजा या दोघींना खरी परिस्थिती कळते तेव्हा त्या रडत बसत नाहीत, एकत्र राहायचं ठरवतात. गाव त्यांना हाकलतं, भुतं त्यांना आसरा देतात. मग भुतांचा सरदार बिजाला खराखुरा पुरुष करून टाकतो, आणि ती पुरुष झाल्याझाल्या नवरेगिरी सुरू करते! पुढचं सांगत नाही. पण भुतं माणसांपेक्षा बरी असलेली ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना दिली, त्यांतल्या एकीनंही कंटाळा आला म्हणून परत केलेली नाही.

रहस्यकथेची आवड असेल तर सेरा वॉटर्सचं 'फिंगरस्मिथ', २००२ सालचं. व्हिक्टोरियन लंडन, चोरांच्या घरात वाढलेली सू, आणि गावाकडच्या जुनाट वाड्यात काकाजवळ अडकलेली मॉड. मॉडची इस्टेट लुबाडून तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं, हा बेत. सू त्यासाठी मोलकरीण होऊन तिच्याकडे जाते. पुस्तक पाचशे पानांहून मोठं आहे आणि सुरुवात संथ आहे, सावकाश वाचणाऱ्याला महिना लागेल. तरी पहिला भाग संपेपर्यंत सोडू नका. तो ज्या वाक्यावर संपतो तिथे माझ्या दोन सभासदांनी मला रात्री मेसेज केले आहेत. दुसरा भाग मॉड सांगते, आणि पहिल्या भागात आपण जे जे पाहिलं ते सगळं उलटं होऊन समोर येतं. जाता जाता, मॉडचा काका घाणेरड्या पुस्तकांची ग्रंथसूची तयार करत असतो. सूचीचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला तो माणूस जरा जास्तच अंगावर आला.

सरळ प्रेमकथा हवी असेल तर पॅट्रिशिया हायस्मिथचं 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. आता ते 'कॅरल' नावानं मिळतं. ही लेखिका खुनाच्या कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध. १९४८च्या नाताळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात नोकरी करत असताना एक बाई बाहुली घ्यायला आली. हायस्मिथनं घरी जाऊन त्याच रात्री कथानक लिहून काढलं. नेहमीच्या प्रकाशकानं नाकारलं, मग १९५२ साली क्लेअर मॉर्गन या टोपणनावानं आलं. स्वतःचं नाव तिनं १९९० मध्ये लावलं. या पुस्तकावर वाचकांची पत्रं येत राहिली ती शेवटामुळे. शेवटी कुणी मरत नाही, कुणी पुरुषाच्या आश्रयाला जात नाही, आणि आशेला जागा उरते. किंमत मोजावी लागते, कॅरलला मुलीच्या ताब्याची झळ बसते, पण गोष्ट तिथे संपत नाही. तुमच्या तक्रारीवर माझ्याकडे असलेलं नेमकं औषध हेच.

ऐतिहासिक म्हणाल तर रूथ वनितांची 'मेमरी ऑफ लाइट', २०२० सालची. अठराव्या शतकाच्या अखेरीचं लखनऊ, तवायफांची कोठी, कवयित्री नफीसबाई आणि बनारसहून आलेली चपलाबाई. वनिता स्वतः या विषयाच्या अभ्यासक. सलीम किदवईंबरोबर त्यांनी २००० साली संपादित केलेला 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' हा जाडजूड ग्रंथ आमच्याकडे सतत बाहेर असतो. उर्दूतली रेख्ती कविता, म्हणजे बायकांच्या बोलीतली, त्यांनी बारकाईनं अभ्यासली आहे. त्यात एकमेकींवर जीव असलेल्या दोघींना 'दोगाना' म्हणतात. एका कवचात निघालेला जोडबदाम फोडून दोघींनी खायचा, तेव्हापासून त्या दोगाना. शब्द आधीपासूनच होता, आणि इतका गोड होता. कादंबरी पातळ आहे, कवितांनी भरलेली, घाई करून वाचायची नाही.

फँटसीत ताशा सुरींचं 'द जस्मिन थ्रोन' (२०२१) आपल्याला जवळचं वाटेल. पडक्या मंदिरात कैद केलेली राजकन्या मालिनी आणि तिथे झाडलोट करणारी प्रिया, जिच्या अंगात जुनी शक्ती दडलेली आहे. तीन भाग आहेत, तिन्ही मिळतात. लहान हवं असेल तर 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर', शत्रुपक्षांतल्या दोन बायका काळाच्या पल्याड एकमेकींना पत्रं लिहितात. त्याचं इंग्रजी मात्र सोपं नाही. भुताटकी आवडत असेल तर ले फानूचं 'कार्मिला' वाचा. १८७२चं, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही पंचवीस वर्षं आधीचं, एका मुलीच्या मागे लागलेल्या तरुण रक्तपिपासू बाईचं. यात मात्र शेवट तुम्हाला आवडणार नाही, सांगून ठेवते.

बायसेक्शुअल बायकांबद्दल थोडं थांबून लिहावं लागेल, कारण यादीत त्यांचा घोळ होतो. बाईवर प्रेम असेपर्यंत तिला लेस्बियन म्हणतात, पुरुषावर जडलं की 'तिचं ते वय होतं' म्हणतात. पुस्तक सूचीत लावताना मीही अडखळते. मंजू कपूर यांच्या 'अ मॅरीड वुमन'मध्ये दिल्लीतली आस्था, नवरा-मुलं असलेली, बाबरी मशिदीच्या दिवसांत पिपीलिका नावाच्या विधवा मुलीच्या प्रेमात पडते. शेवट तुम्हाला खटकेल, कारण आस्था घर सोडत नाही. मला तो खोटा वाटला नाही, पण माझं वय तुमच्यापेक्षा जास्त आहे. टेलर जेन्किन्स रीडचं 'द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो' मात्र अगदी उलट. सात लग्नं केलेली हॉलिवूडची म्हातारी नटी आयुष्याची गोष्ट सांगते, आणि मुलाखत घेणारीनं तिला लेस्बियन म्हणताच ताबडतोब दुरुस्त करते की मी बायसेक्शुअल आहे, माझं अर्धं आयुष्य पुसू नकोस. इंग्रजी अगदी सुटसुटीत. एरवी मी अशा झगमगीत पुस्तकांबाबत नाक मुरडते, पण आमच्याकडची प्रत दोनदा शिवून घ्यावी लागली, तेव्हा माझं नाक गेलं खड्ड्यात. आणि अॅलिस वॉकरचं 'द कलर पर्पल' वाचा, सेली आणि शग एव्हरीसाठी. सुरुवातीची पानं फार जड आहेत, घरातल्या अत्याचाराची. पण पुस्तक सेलीला त्यातून बाहेर काढतं.

चित्रांची कादंबरी चालत असेल तर अमृता पाटील यांची 'कारी' (२००८) घ्याच. सुरुवातच दोघींच्या गच्चीवरून उडी मारण्यानं होते, म्हणून घाबरू नका, दोघीही वाचतात. रूथ परदेशी निघून जाते आणि कारी उरते. धुरानं भरलेल्या महानगरात जाहिरात कंपनीत काम करत, दाटीवाटीच्या फ्लॅटमध्ये राहत, ती रात्री गटारांतून होडी वल्हवते. मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्या कुणालाही ते घर ओळखू येईल.

खऱ्या आयुष्यांसाठी दोन पुस्तकं. अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेलं 'फेसिंग द मिरर' १९९९ साली आलं, दोन जावांच्या प्रेमावरच्या 'फायर' सिनेमावरून मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. देशभरातल्या बायकांचं लेखन त्यात आहे, काहींनी टोपणनावानं लिहिलेलं. सलग वाचू नका, अधूनमधून उघडा. माया शर्मांचं 'लव्हिंग विमेन' (२००६) उत्तर भारतातल्या कष्टकरी बायकांवर आहे. हा सगळा प्रकार शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचा, असं तुम्हाला कुणी ऐकवलं असेल तर त्यांच्यासाठी. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८चा निकाल लागण्याच्या कितीतरी आधीची ही दोन्ही.

तुमच्या जागी मी असते तर क्रम असा ठेवला असता. आधी नामजोशी, रोज एक गोष्ट. बरोबरीनं 'दोहरी जूण'. मग 'कॅरल' किंवा 'एव्हलिन ह्यूगो', जे आधी मिळेल ते. त्यानंतर 'कारी', आणि पावसाळ्यात 'फिंगरस्मिथ'. मित्राकडे दिवाळीनंतर जा. घरचा प्रश्न असेल तर पुस्तकं फोनवर वाचा किंवा खाकी कव्हर घाला. मात्र कव्हर घालायचं तर घरातल्या सगळ्याच पुस्तकांना घाला, एकाच पुस्तकाला घातलं की आई तेच उघडते.

आणि 'मेमरी ऑफ लाइट' मागवताना रूथ वनितांचं नाव न विसरता टाका. जवळजवळ त्याच नावाचा 'व्हील ऑफ टाइम' या मालिकेचा चौदावा खंड आहे, विटेसारखा जाड. माझ्याकडे एकदा तोच आला होता, आणि आधीचे तेरा नसल्यामुळे अजून कुणी नेला नाही.